ठिपक्यांच्या कुरडया

रविवारी सकाळी बाई बदामाच्या झाडाला आंघोळ घालायच्या.

हे मी लाक्षणिक वगैरे बोलत नाही. धुण्याचं शेवटचं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी त्या बादलीत राखून ठेवायच्या. स्टुलावर चढायच्या आणि जुन्या सुती पातळाचा तुकडा पिळून झाडाचं एकेक पान पुसायच्या. आधी पोट, मग पाठ. शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तसं, हनुवटी धरून. हात पोचेल तिथवर पुसून झालं की मान वर करून वरच्या पानांना सांगायच्या, "तुमचं पावसावर हं."

मग तो फडका घेऊन त्या गेटपाशी उभ्या राहायच्या. दूध आणायला निघालेला, देवळात निघालेला, जो सापडेल त्याला फडका दाखवायच्या. "बघ. आठवड्याचं आहे. हे झाडाने खाल्लं म्हणून तुला खावं लागलं नाही." फडका कोळशाच्या गोणीसारखा काळा. लोक "हो ना बाई, हो ना" म्हणत पुढे सटकायचे. मी तर रविवारी मागच्या गेटनेच जायचे.

आमची कॉलनी घाटकोपर पूर्वेला. बाई तळमजल्यावर, मी तिसऱ्या. पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, मूळच्या बीडकडच्या. नाव होतं त्यांना, पण सगळी कॉलनी बाईच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा. दादांना दम्याने खाटेला खिळवलेलं. खाट खिडकीला लावलेली आणि खिडकी कायमची बंद. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काच उघडायची नाही. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर बुद्धाची एक पांढरी मूर्ती होती. काच बंद असूनही ती रोज पुसावी लागे.

कारण काय, तर खिडकीसमोर पोरांचं क्रिकेटचं छोटं पटांगण, पटांगणापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे राडारोड्याने भरलेला रिकामा प्लॉट, आणि प्लॉटपलीकडे बंदराकडून येणारा रस्ता. कुठलं बंदर ते विचारू नका. नातू म्हणतो, "आजी, नाव घेऊ नकोस, उगाच केस होईल." तर त्या बंदरातून निघालेले कोळशाचे उघडे ट्रक दिवसभर त्या रस्त्याने जायचे. खड्ड्यात चाक आदळलं की ट्रक शिंकायचा, आणि ती शिंक आमच्या घरात.

दादा काचेआडून क्रिकेटचं अंपायरिंग करायचे. आवाज बाहेर यायचा नाही, म्हणून नुसत्या खुणा. बोट वर, हात आडवे. भांडण झालं की पोरं खिडकीकडे वळायची, "आजोबांना विचार!" आजोबा बोट वर करायचे आणि फलंदाज मुकाट्याने बॅट टाकायचा. सुप्रीम कोर्टाला एवढा मान नसेल.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीतलं विनोदी पात्र मीच आहे. मी तेव्हा तरुण होते. अठ्ठावन्न म्हणजे काही वय नाही, हे सत्तरी ओलांडल्यावर कळतं. बँकेतून नुकतीच निवृत्त झालेले, केस काळेभोर (बाटलीतले), गळ्यात चष्म्याची साखळी, आणि कॉलनीच्या उद्यान समितीची अध्यक्षा. उद्यान नव्हतं. समिती होती. मला तेवढं पुरत होतं.

आणि अचानक उद्यानही चालून आलं. धूर-धूळ जिथवर पोचते तिथल्या वस्त्यांमध्ये बागा करायला पैसे द्यायचे, असं बंदराने ठरवलं. आमचा मागचा प्लॉट त्यांच्या यादीत बसला. बंदराचे एक साहेब जागा बघायला येणार, कॉलनीचं म्हणणं ऐकणार आणि मग पैसे मंजूर होणार.

मी हवेत. पवईला भाचीकडे गेले तेव्हा तिथल्या ऑफिसांसमोरचं लॉन मी पाहून ठेवलं होतं. मधोमध फवारा, कडेने दिवे, आणि एक संगमरवरी पाटी. पाटीवर अध्यक्षांचं नाव. मोबाइलवर मी त्याचे इतके फोटो काढले की वॉचमनने हटकलं.

समितीच्या बैठकीत ते फोटो फिरवले. सगळ्या बायका "अय्या, झकास!" करत होत्या. बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला.

"काय गं हे?"

"लॉन, बाई."

"लॉन म्हणजे झाडांचं टक्कल. त्यावर हिरवा रंग मारलाय."

"अहो, किती प्रसन्न वाटतं बघा तरी!"

"वाटेल ना. पण गवत गुडघ्याएवढं आणि ट्रक दोन माणसं उंच. धूळ काय खाली वाकून गवताला नमस्कार करणार? झाडं लावा. दाट. करंज, कडुनिंब, वड. खडबडीत पानांची, दांडगी. भिंतीसारखी उभी राहतील अशी."

"त्याला दहा वर्षं लागतील, बाई!"

"मग? तू कुठे निघालीस?"

सगळ्या हसल्या. मी चष्मा घातला आणि काढला. बँकेत असताना याला लोक घाबरायचे.

समितीत एक जण म्हणाली, आपण मुळात या लोकांचे पैसेच घेऊ नयेत, धूळही त्यांचीच आणि उपकारही त्यांचेच. यावर बाई जे बोलल्या ते मी पुढे चार ठिकाणी माझंच म्हणून खपवलंय, तेव्हा आज मूळ मालकिणीच्या नावावर लिहिते. त्या म्हणाल्या, "शेजारीण रोज आपल्या दारात केर लोटते. एक दिवस केरसुणी घेऊन आली, म्हणाली, घ्या भेट. तर केरसुणी घ्यायची. नीट बघून, चांगल्या बांधणीची घ्यायची. पण घेताना सांगायचं, बये, ही केरसुणी झाली. केराचं बोल."

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला राग आला. मी बहुमताने लॉन मंजूर करून घेतलं. बाई उठताना एवढंच म्हणाल्या, "अध्यक्षा, दादाला एकदा खिडकी उघडून द्यायची आहे मला. तुझ्या लॉनने उघडेल का, तेवढं विचार करून सांग."

मी विचार केला नाही. पोपटी साडी घेतली. लॉनला मॅचिंग.

इथे कुरडयांचं सांगते. आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात वाळवणं असायची. आम्ही कोकणातले, म्हणजे फणसाचे पापड आणि तांदळाच्या फेण्या हा आमचा प्रांत. कुरडया मला बाईंनी शिकवल्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. हात भाजतात. बाईंचे भाजत नसत. "खडूने मेलेत हात," म्हणायच्या. आणि कुरडईची सगळी इभ्रत पांढरेपणात. दुधासारखी झाली तर सुगरण, पिवळी पडली तर सासरी बोलणी.

आमच्या गच्चीवरच्या ना पांढऱ्या, ना पिवळ्या. ठिपक्यांच्या. संध्याकाळी ताटं आत घ्यायला जावं तर प्रत्येक कुरडईवर काळी बारीक पूड बसलेली. ओल्या चिकात बसली की झटकून निघत नाही, धुवावं तर कुरडई विरघळते. म्हणून मी एक युक्ती काढली होती. थोड्या कुरडया घरातच, हॉलमध्ये, पंख्याखाली, जुन्या ओढणीने झाकून वाळवायच्या. त्या पांढऱ्या राहायच्या. तो पाहुण्यांचा डबा. गच्चीवरच्या ठिपकेवाल्या, तो घरचा डबा. दोन्ही डबे स्टीलचे, सारखेच. खूण मला ठाऊक. आणि बाईंना, कारण माझ्या स्वयंपाकघरात त्यांना काय ठाऊक नव्हतं?

साहेब आले तो दिवस. पटांगणात मांडव, खुर्च्या, मी पोपटी. बाई सकाळीच वर आल्या. मला वाटलं भांडणार. तर म्हणाल्या, "तू खाली जा, स्वागत कर. तळणाचं मी बघते. तेलाचा वास साडीला लागेल तुझ्या." माझे डोळे भरून आले हो! म्हटलं, किती मोठं मन. पायऱ्या उतरताना मागून एवढंच ऐकू आलं, "आणि तू उभी राहिलीस की लॉन झालंच की गं. वेगळं कशाला हवंय?" मी तेही कौतुकातच धरलं.

भाषण पाठ होतं. त्याआधी खाणं. बाईंनी वरून झाकलेलं ताट पाठवलं, मी ते हातात घेऊन साहेबांसमोर गेले आणि माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "घ्या साहेब, आमच्याच गच्चीवर आमच्या भगिनींनी स्वहस्ते वाळवलेल्या कुरडया." आणि रुमाल उचलला.

तळल्यावर कुरडई फुलते. कुरडई फुलली की ठिपकेही फुलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब विदर्भातले, सभ्य माणूस. एक कुरडई हातात घेऊन उजेडाकडे धरली. "यात जिरं घातलं का जी?"

तोवर बाई हात पुसत खाली आल्या होत्या. शाळेत पोराला समजावतात त्या सुरात म्हणाल्या, "जिरं नाही साहेब. ते तुमच्याकडूनच येतं. आम्ही फक्त तळतो."

मला वाटलं, संपलं. उद्यान गेलं, पाटी गेली. मी घाईघाईने म्हणाले, "चुकून वेगळा डबा उघडला साहेब, दुसऱ्या आहेत, पांढऱ्या, मी आत्ता..."

आणि तेव्हा आमचे हे बोलले. जन्मभर चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. मागच्या खुर्चीवरून उठून ताटातली एक कुरडई घेतली, कुडुम करून चावली आणि म्हणाले, "खा हो साहेब, काही होत नाही. मी लग्न झाल्यापासून घरच्याच डब्यातलं खातोय. पाहुण्यांचा डबा मला अजून उघडून दिलेला नाही."

हशा असा उठला की मांडवाचं कापडी छत हललं. साहेबही हसले. हसता हसता त्यांनी ती कुरडई खाल्ली, सगळी. मग जरा वेळाने, हसू ओसरल्यावर म्हणाले, "माझी माय करते. तिच्या गच्चीवर पांढऱ्या निघतात." आणि बाईंकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे, ताई?"

बाईंनी खिडकीकडे बोट केलं. काचेमागे दादा उशीला टेकून हा सगळा मूकपट बघत होते. "माझा भाऊ आहे. त्याची खिडकी उघडायची आहे."

साहेब मग माझ्याकडे वळले. "अध्यक्षा, तुमच्या समितीने तर लॉन कळवलंय. काय करायचं? लॉन की झाडं?"

हातात ठिपक्यांचं ताट, अंगावर पोपटी साडी, डोक्यात पाठ केलेलं भाषण. भाषणात 'नयनरम्य' हा शब्द बऱ्याच वेळा होता. मी ताटाकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं, "झाडं."

तत्त्वाने नाही हं, लाजेने. माझ्या आयुष्यातलं निम्मं शहाणपण लाजेतूनच आलंय, आणि उरलेलं अजून यायचंय.

पण साहेबांची अडचण होती. लागवडीला पैसे मिळतात, वर्षाच्या आत काम पूर्ण, फोटो, विषय बंद. रोपांचे फोटो चांगले येत नाहीत. बाई म्हणाल्या, "बारशाला सगळे येतात साहेब, दूध कोण घालतं ते विचारा. फवारा नको, दिवे नकोत. ते पैसे पुढच्या उन्हाळ्यांच्या टँकरला आणि माळ्याला लावा." साहेब म्हणाले, वर विचारतो. बाई म्हणाल्या, "आणि ट्रकांवर ताडपत्री?"

"ते माझ्या हातात नाही, ताई."

"मग ज्याच्या हातात आहे, त्याला एक नेऊन द्या." आणि उरलेल्या कुरडया वर्तमानपत्रात बांधून त्यांच्या हातात दिल्या. माझ्या कुरडया!

पैसे मंजूर झाले. फवारा गेला, टँकर आला. ताडपत्र्या काही ट्रकांवर दिसायला लागल्या, काहींवर आजही दिसत नाहीत. बाई भिंतीपाशी विटांवर उभ्या राहून उघड्या ट्रकवाल्यांना ओरडायच्या, "ए बाबा, डोक्यावर पदर घे!" त्यांना काय कळायचं कुणास ठाऊक, पण काही जण खरंच गाडी थांबवून ताडपत्री ओढून घ्यायचे. मास्तरणीच्या आवाजात काहीतरी असतं.

रोपं लावली तेव्हा प्लॉट न्हाव्याने अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखा दिसत होता. पाटी मात्र मी लावून घेतलीच, माझ्या नावाची. बाईंनीच तिच्यालगत वड लावला. मला वाटलं, पाटीला सावली म्हणून. आता त्या वडाने पाटी अशी पोटात घेतलीय की माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसतं. नातू म्हणतो, "आजी, ही पाटी कुठल्या 'श्री'ची?" मी म्हणते, असेल कुणीतरी पुढारीण.

झाडं काही जादू नसतात, हे बाईच सर्वांत आधी सांगायच्या. कोणी म्हणालं, "बाई, आता हवा शुद्ध झाली," की त्या त्याला फडका दाखवायच्या. "झाड म्हणजे माफी नाही. पडदा आहे. पडद्यामागे काय चाललंय ते बघत राहायचं." बदामाची आंघोळ त्यांनी सोडली नाहीच, उलट भिंतीलगतच्या करंजांनाही सुरू केली. मी एकदा विचारलं, एवढ्या झाडांमध्ये तुमच्या एका फडक्याने काय होतं? म्हणाल्या, "त्यांना काही होत नाही गं. मला कळतं, किती खाल्लं ते."

करंज भिंतीच्या वर डोकावून गच्च झाले त्या वर्षीची गोष्ट. कसली तरी सुट्टी होती, रस्त्यावर ट्रक तुरळक, दुपार कलत आलेली. पटांगणात पोरांची मॅच ऐन रंगात. बाईंनी मला खाली बोलावलं. "ये जरा. खिडकी बसलीय, एकटीला हलत नाही."

इतकी वर्षं बंद राहिलेली खिडकी. बिजागऱ्यांत तेल घातलं, बाईंनी खालून ढकललं, मी वरून. दादा श्वास रोखून बघत होते, किंवा त्यांचा श्वासच तसा होता, मला तेव्हा वेगळं कळलं नाही. काच करकरली आणि उघडली. गरम वारा आत आला, करंजाचा कडवट हिरवा वास, पोरांचा गलका. बाईंनी दादांच्या तोंडाकडे बघत वाफेचं मशीन जवळ ओढून ठेवलं. मी देवाचं नाव घ्यायला लागले. दादांनी एक श्वास घेतला. छाती वाजली. दुसरा घेतला. बाई हलल्या नाहीत.

बाहेर एका पोराने पळत येऊन बॉल टाकला, दांड्या उडाल्या, सगळे ओरडले, "आऊट!"

आणि खिडकीतून जाड, घोगरा, बरीच वर्षं न वापरलेला आवाज आला, "नो बॉल!"

पटांगण थिजलं. त्या पोरांनी जन्मात तो आवाज ऐकलेला नव्हता. बोलिंग करणारा तर खिडकीकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आयला, आजोबा बोलतात?"

"पाय पुढे होता तुझा," दादा म्हणाले. "गेली दोन वर्षं तू पाय पुढेच टाकतोयस."

मी हसून हसून खाटेच्या कडेवर बसले. बाई हसत नव्हत्या. त्या बुद्धाची मूर्ती पुसत होत्या, पुसून झालेली मूर्ती परत परत.

खिडकी रोज उघडता यायची नाही. ट्रकांची गर्दी असली की बंद, हवा जड झाली की बंद. पण जमेल त्या संध्याकाळी ती उघडी असायची आणि अंपायर बोलता असायचा. पोरांना त्याचा त्रासच झाला. मुका अंपायर परवडतो. दादा फार वर्षं राहिले नाहीत, पण गेले ते सगळ्या पोरांचे नो बॉल सुधारून.

ते गेल्यावर बाई कांदिवलीला भाचीकडे राहायला गेल्या. जाताना झाडं पुसायचं स्टूल मला दिलं. मोठ्या अपेक्षेने दिलं असावं. माझे गुडघे बघता मी त्यावर तुळस ठेवलीय. बाईंना फोनवर सांगते, रोज पुसते. "हो का?" म्हणतात. तो 'हो का' मला ठाऊक आहे.

कुरडया मात्र मी दर उन्हाळ्यात गच्चीवरच घालते. पंखा, ओढणी, सगळं बंद. डबा एकच. वाळल्या की बाईंचा फोन येतो, "रंग?" मी म्हणते, "करडा." मागच्या वर्षी लाडात येऊन "पांढऱ्याच म्हणा ना" म्हणाले, तर म्हणाल्या, "बँकेत असंच लिहायचीस का गं?"

यंदा ताटं आत घेताना एक कुरडई हाताला लागली, अगदी पांढरी. उलटून पाहिली, उजेडात धरून पाहिली. एकही ठिपका नाही. झाडांची करणी, की त्या दिवशी ट्रकवाल्यांनी दांडी मारली होती, देव जाणे. लगेच बाईंना फोन लावला.

"चष्मा लावून बघितलीस ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, दोनदा.

मग म्हणाल्या, "पाहुण्यांसाठी ठेवू नकोस. तुझ्या ह्यांना घाल."

तळली. ताटलीत एकटीच ठेवून आमच्या ह्यांच्या पुढे नेली, काय ते सांगितलं. ह्यांनी ती निगुतीने खाल्ली, बोटं चाटली, पाणी प्यायले.

"कशी होती?" मी विचारलं.

"बरी होती," म्हणाले. "पण ती चव नाही."